हिराकूडचे गाऱ्हाणे

कोणतेही सार्वजनिक कार्य आरंभावयाचे झाल्यास प्रथम देवापुढे गाऱ्हाणे घालावे, अशी आमच्या गोमंतकात व कोकणपट्टीत जुनी चाल आहे. शेताचा बांध असो, जत्रेचा दिवस असो, की देवळाच्या शिखराची दुरुस्ती असो; गांवकर मंडळी एकत्र बसतात, विचारविनिमय होतो, देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, आणि मगच पहिली कुदळ पडते. ‘गाऱ्हाणे’ ह्या शब्दाचे आमच्या भाषेत दोन अर्थ आहेत. कार्यापूर्वी देवाला केलेली विनवणी हे एक गाऱ्हाणे. आणि अन्याय घडून गेल्यावर वरिष्ठांपुढे मांडलेली तक्रार हे दुसरे. पहिले गाऱ्हाणे नीट घातले गेले असता दुसऱ्याची वेळ बहुधा येत नाही. एका मोठ्या धरणाचा इतिहास सांगताना आम्हांस ह्या दोन अर्थांची वारंवार आठवण झाली, म्हणून आरंभीच ती नमूद करून ठेवीत आहो.

धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या नावात जे गाव चिरंजीव झाले, तेच हे. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ह्यांनी स्वतः गावात येऊन धरणाचे महत्त्व समजावून सांगितले, असे तेथील जुनी माणसे सांगत आली. पुढे लोक वाडे व वाळकिणी येथे हलविण्यात आले. पुरातत्त्व खात्याने कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर एकेक दगड क्रमांक घालून उतरविले आणि दूर नेऊन पुन्हा उभे केले. मे महिन्यात पाणी ओसरले की गावकरी आजही आपल्या सोमेश्वराच्या दर्शनाला परततात आणि उत्सव करतात. तेथे उभे राहिले असता मनात एक प्रश्न येतो : गावाला सांगितले गेले हे खरे, पण गावाला विचारले गेले काय? सांगणे आणि विचारणे ह्यांत जे अंतर आहे, ते समजून घेण्यासाठी आम्ही वाचकांस गोमंतकाबाहेर, ओडिशातील महानदीच्या तीरावर नेऊ इच्छितो. कारण पुरापासून रक्षण करण्याच्या हेतूने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जी मोठी धरणे आपल्या देशात हाती घेण्यात आली, त्यांत हिराकूड अग्रस्थानी होते. आणि हा प्रश्न तेथे मोठ्या प्रमाणावर व मोठ्या आवाजात विचारला गेला.

महानदी छत्तीसगडात सिहावाच्या डोंगरात उगम पावते आणि साडेआठशे किलोमीटरांहून अधिक वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. मुखाजवळ तिचे अनेक फाटे होतात. कटक नगर अशाच दोन प्रवाहांच्या बेचक्यात वसले आहे, आणि श्रीजगन्नाथाची पुरीही ह्याच त्रिभुज प्रदेशाच्या काठावर आहे. ह्या सखल भूमीला पूर नवा नव्हता. पुराने आणलेल्या गाळानेच ती भूमी घडली होती. परंतु एकोणिसाव्या शतकात शेतसारा निश्चित राहावा म्हणून नदीला दोहो बाजूंनी बांध घातले गेले, आणि मग जो पूर पूर्वी पसरून, गाळ टाकून निघून जाई, तो बांध फोडून एकाच ठिकाणी कोसळू लागला. १९२८ साली ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने स्पष्टच सांगितले की, अशा प्रदेशात पूर अटळ आहे. तो अडविण्याची खटपट करण्यापेक्षा शक्य तितक्या लवकर समुद्राला कसा मिळेल, हे पाहावे. समितीच्या ह्या म्हणण्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

१९३७ साली पुन्हा मोठा पूर आला. तेव्हा महात्मा गांधींच्या सूचनेवरून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांचा सल्ला घेण्यात आला. आमच्या वाचकांना हे नाव परके नाही. त्यांच्या सेवेचा आरंभ मुंबई इलाख्यात झाला. नाशिक, खानदेश, पुणे व सुरत येथे त्यांनी काम केले. हैदराबादकरांना तर त्यांची ओळख अधिक जवळची. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने त्या शहरात हजारो माणसांचा बळी घेतला, तेव्हा निजाम सरकारने त्यांनाच पाचारण केले होते. आणि शहराच्या वर जलाशय बांधून पूर धरून ठेवावा ही त्यांचीच योजना पुढे उस्मानसागर व हिमायतसागर ह्या रूपाने साकार झाली. महानदीबाबतही त्यांनी साठ्याच्या जलाशयांचा विचार व्हावा असे सुचविले.

ह्या विचाराला राजमान्यता मिळवून देण्यात एका महाराष्ट्रीय पुरुषाचा मोठा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओडिशातील नद्यांच्या विकासासंबंधी परिषद भरली. पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे. केवळ पूर अडविण्यासाठी नव्हे, तर सिंचन, वीज व जलवाहतूक ह्या सर्वांसाठी एकच बहुउद्देशी जलाशय बांधावा, असा विचार त्यांनी तेथे मांडला. ओडिशातील दारिद्र्य, दुष्काळ आणि रोगराई ह्यांवर हा उपाय आहे अशी त्यांची धारणा होती. ह्या धारणेमागील कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. घरात दरवर्षी पाणी शिरणाऱ्या कटक-पुरीच्या रयतेचे दुःखही खोटे नव्हते. धरण बांधणारे सारे दुष्ट आणि बुडणारे सारे साधू, अशी मांडणी आम्हांस मान्य नाही, हे येथेच सांगून टाकतो.

तथापि घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. परिषद झाली १९४५ च्या नोव्हेंबरात. १५ मार्च १९४६ रोजी ओडिशाचे गव्हर्नर सर हॉथॉर्न लुईस ह्यांनी हिराकूडचा पायाचा दगड बसविला. डॉ. हरेकृष्ण महताब ह्यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले ते त्यानंतर, एप्रिल महिन्यात. आणि प्रकल्पाचा सविस्तर अहवाल तयार झाला तो १९४७ च्या जूनमध्ये. म्हणजे दगड आधी, लोकांचे सरकार मग, आणि हिशेब सर्वांत शेवटी! ज्यांची गावे जाणार होती त्यांना विचारण्याची पायरी ह्या क्रमात कोठेच नव्हती.

संबळपूर जिल्ह्याचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे पुढील क्षोभाचे मर्म कळते. हा प्रदेश काही वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. नंतर इंग्रजांनी तो मध्य प्रांताला जोडला, आणि १९०५ साली तो ओडिशाच्या विभागात आला. किनाऱ्यावरील जिल्ह्यांचा पूर टळावा म्हणून सुमारे तीनशे किलोमीटर वरच्या आपल्या सुपीक जमिनी बुडणार, हे ऐकताच तेथील लोकांना वाटले की नव्याने जोडलेल्या घरातील धाकट्या भावाला वाटणीतून उठविण्याचा हा डाव आहे. १९४६ च्या उत्तरार्धात संबळपुरात सभा भरल्या, हजारो स्त्रीपुरुषांच्या मिरवणुका निघाल्या, पोलिसांनी लाठ्या चालविल्या. संबळपूर ओडिशातून वेगळे काढावे, असेही काहींनी म्हटले. कार्यापूर्वीच्या गाऱ्हाण्याला वाव न मिळाल्याने ते तक्रारीच्या रूपाने रस्त्यावर उतरले, असे आम्ही म्हणू.

मंत्रिमंडळाने आंदोलनाकडे प्रांतिक संकुचितपणा म्हणून पाहिले. १२ एप्रिल १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते काँक्रीटच्या कामाला प्रारंभ झाला. कष्ट सोसावयाचेच असतील तर ते देशासाठी सोसा, असे पंडितजींनी विस्थापितांना सांगितले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते, देशासाठी त्याग हा शब्द तेव्हा ताजा आणि पवित्र होता. म्हणून ते बोलणे आजच्या कानांना लागते तसे त्या वेळी लागले नसेल. परंतु त्याग हा करणाऱ्याच्या इच्छेने होतो. घेणाऱ्याच्या आज्ञेने जे होते त्याला त्याग म्हणत नाहीत. त्याच वर्षी ओडिशाने जमीन संपादनाचा स्वतंत्र कायदा केला आणि संपादनाचे काम झपाट्याने पुढे गेले. १३ जानेवारी १९५७ रोजी पंडितजींच्याच हस्ते धरणाचे उद्घाटन झाले.

आता जे उभे राहिले त्याचे आणि जे गेले त्याचे माप घेऊ. मुख्य भिंत ४.८ किलोमीटर लांबीची. दोहो बाजूंचे मातीचे बांध धरले असता एकूण लांबी २५.८ किलोमीटर. जलाशयाचा विस्तार ७४३ चौरस किलोमीटर. स्थापत्य म्हणून हे काम अभिमानास्पद आहे, ह्यात संशय नाही. दुसऱ्या पारड्यात २८५ गावे, सुमारे २२ हजार कुटुंबे, आणि एक लाखाहून अधिक माणसे. त्यांपैकी सरकारी वसाहतींत ज्यांची सोय झाली ती कुटुंबे जेमतेम दहावा हिस्सा भरतील. बाकीच्यांनी हाती आलेला मोबदला घेऊन आपापली वाट धरली.

ह्या विस्थापितांत आदिवासी पुष्कळ होते, आणि त्यांची हानी सर्वांत खोल होती. ज्याच्या नावाने कागद, त्याला मोबदला, हा सरकारी नियम. गावचा मुख्य जो गौंतिया, त्याचे नाव कागदावर असे. पण जंगल साफ करून पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, मोहाची झाडे, तेंदूची पाने, नदीतील मासळी, गुरांची चराई, ह्यांचा कागद कोणाजवळ होता? मोजणीदाराच्या साखळीला जे लागले ते मोजले गेले. उरलेले ‘पडीक’ किंवा ‘सरकारी’ ठरले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला सूचनापत्र देणे म्हणजे भिंतीला सांगण्यासारखेच आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र सूचना पोचलेली असते.

देवांचे काय झाले, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. हिराकूडच्या जलाशयात लहानमोठी पुष्कळ देवळे बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्यांपैकी काहींची शिखरे व अवशेष उघडे पडतात. आमच्या कुर्डीच्या महादेवासारखे दगडी देऊळ निदान हलविता तरी येते. परंतु आदिवासींचा देव दगडी गाभाऱ्यात नसतो. तो सालवृक्षांच्या राईत, डोंगराच्या माथ्यावर, पाण्याच्या झऱ्यापाशी असतो. आमच्याकडील देवराई आठवावी म्हणजे कल्पना येईल. राईला क्रमांक घालून दुसरीकडे नेऊन लावता येत नाही. तो देव तेथेच राहिला, आणि भक्त गेले. मोबदल्याच्या तक्त्यात ह्या हानीला रकानाच नव्हता. तो असावा हे सुचविणारे माणूस तक्ता आखताना खोलीत नव्हते, हेच त्याचे कारण.

कोणी म्हणेल, विचारले असते तरी धरण झालेच असते. मग विचारून काय साधले असते? ह्या आक्षेपाचे उत्तर पुढील इतिहासच देतो. धरणामागे पूर धरावयाचा असेल तर पावसाळ्यात जलाशय रिकामा ठेवावा लागतो. वीज आणि सिंचन ह्यांसाठी तोच भरलेला हवा असतो. एकाच भांड्याने दोन परस्परविरोधी कामे करावयाची असल्यामुळे दरवर्षी ओढाताण होते. शिवाय महानदीच्या सुमारे १ लाख ४१ हजार चौरस किलोमीटर पाणलोटापैकी ८३ हजारांवर धरणाच्या वर आहे. बाकीचे पाणी तेल, ओंग इत्यादी उपनद्यांवाटे धरणाच्या खालून येते, त्यावर हिराकूडची सत्ता नाही. म्हणून १९८२ साली, आणि नंतर २००८ व २०११ साली, त्रिभुज प्रदेशात मोठे पूर आलेच. धरणाने अनेक पूर बोथट केले हे खरे; पण पूर कायमचा संपेल ह्या आश्वासनावर ज्यांची जमीन घेतली, त्यांना हे आधी सांगणे न्यायाचे होते. विचारणा प्रामाणिक असेल तर तीत लोकांचे ऐकणे जितके येते, तितकेच आपल्या योजनेच्या मर्यादा कबूल करणेही येते.

ह्या कथेचा उत्तरभाग आपल्या काळातील आहे. धरणही म्हातारे होते. दारे गंजतात, गाळ साचतो, आणि मुख्य म्हणजे पुराचा जुना अंदाज चुकीचा ठरतो. हिराकूडच्या मूळ सांडव्यातून सेकंदाला सुमारे ४२,४५० घनमीटर पाणी सोडता येते. पुढे शास्त्रीय पद्धतीने नव्याने हिशेब केला, तेव्हा संभाव्य महापुराचा आकडा ६९,६३२ घनमीटर निघाला. ह्यास्तव नवे सांडवे काढण्याची योजना झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशातील शेकडो जुन्या धरणांच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. त्या साहाय्यासोबत एक अटही येते : कामामुळे ज्यांना बाधा पोचेल त्यांच्याशी, विशेषतः आदिवासींशी, आधी व पुरेशी माहिती देऊन विचारविनिमय केला पाहिजे. नवा सांडवा काढावयाचा म्हणजे धरणालगतच्या वस्त्या हलविणे आले; तेव्हा पायाचा दगड बसविताना जो प्रश्न टाळला गेला होता, तो दुरुस्तीच्या वेळी त्याच भिंतीपाशी पुन्हा उभा राहिला.

आमच्या स्वतःच्या कायद्यांनीही दरम्यान बराच पल्ला गाठला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत आवश्यक ठरविली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कागद नसलेल्या कसणाऱ्यालाही हक्क दिला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची जाहीर सुनावणी सांगितली. आणि त्याच वर्षी, ह्याच ओडिशात, एक विलक्षण घटना घडली. नियमगिरी पर्वतावर खाण काढावी की नाही, ह्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला की, डोंगरिया कंधांचा देव नियमराजा ह्याच्या पूजेचा हक्क खाणीने बाधित होतो की काय, हे ग्रामसभांनीच ठरवावे. बारा गावांच्या सभा पावसात डोंगरावर भरल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. देवराईला तक्त्यात रकाना मिळाला तो असा. हिराकूडच्या उद्घाटनानंतर छप्पन्न वर्षांनी.

परंतु कायदा झाला म्हणजे विचारणा झाली, असे नव्हे. अनुसूचित क्षेत्राची रेषा पुष्कळ आदिवासींना बाहेर ठेवते. आमच्या गोमंतकात गावडा, कुणबी व वेळीप ह्या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. पण गोव्यात अनुसूचित क्षेत्रच जाहीर झालेले नाही, म्हणून पेसा कायदा तेथे लागू पडत नाही. शिवाय विचारणेचे सोंगही आणता येते. परक्या भाषेतील जाड अहवाल, भर कामाच्या दिवशी तालुक्याच्या गावी ठेवलेली सभा, आधीच ठरलेला निर्णय आणि हजेरीच्या कागदावर घेतलेले अंगठे, एवढ्याने विधी पुरा होतो. आमच्या मते खऱ्या विचारणेच्या कसोट्या चारच आहेत : ती निर्णयापूर्वी व्हावी, ऐकणाऱ्याच्या भाषेत व्हावी, स्त्रिया, भूमिहीन आणि कागद नसलेले ह्यांना तीत स्थान असावे, आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर योजना बदलण्याची तयारी असावी. चौथी कसोटी नसेल तर पहिल्या तिन्ही व्यर्थ होत.

हे सारे आम्ही देवस्थानाच्या वाचकवर्गापुढे का मांडीत आहो? एक तर गावोगावच्या देवस्थानांना आजही लोकांत मान आहे. धरण, रस्ता किंवा दुरुस्तीचे काम निघाले की अधिकारी प्रथम देवळाच्या मंडपातच सभा बोलावतात. अशा वेळी वाड्याच्या टोकाशी राहणारा वेळीप किंवा गावडा त्या सभेत बसला आहे की नाही, हे पाहणे महाजनांचे कर्तव्य आहे. आपले देऊळ वाचले की आपले काम संपले, असे मानणे सोपे असते. पण ज्यांचा देव राईत आहे त्यांचे गाऱ्हाणे आपण घातले नाही, तर आपले गाऱ्हाणे कोणत्या तोंडाने घालावयाचे?

आणि दुसरे असे की, ही रीत आपल्याला कोणाकडून उसनी घ्यावयाची नाही. गोवा जिंकलेल्या पोर्तुगीजांनाही १५२६ साली गांवकरीचे रीतिरिवाज विचारून ‘फोराल’ म्हणून लिहून घ्यावे लागले होते. परक्या जेत्यालाही जे टाळता आले नाही, ते स्वकीयांच्या राज्यात टळावे, ही लाजेची गोष्ट होय. कौलाला बसलेला गांवकर पाकळी उजवी पडेल असे गृहीत धरून कुदळ आधीच मारीत नाही. डावी पडली तर तो थांबतो, पुन्हा विचार करतो. देवापुढे आपण जेवढे थांबतो, तेवढेच माणसांपुढे थांबण्यास शिकलो, म्हणजे हिराकूडच्या पाण्याखालील २८५ गावांचे गाऱ्हाणे, फार उशिरा का होईना, कोणीतरी ऐकले असे होईल.